पहिल्यांदाच घर भाड्याने देण्यासाठी घेतोय, कशाकडे लक्ष द्यावं?

तुम्ही लिहिलंय की कर्ज काढून दुसरं घर घ्यायचा विचार आहे, भाड्यातून हप्ता सुटेल असं वाटतंय, आणि भाडेकरूंचा अनुभव काहीच नाही. मी गेली १४ वर्षं दोन घरं भाड्याने देतोय. जे पैसे मोजून शिकलो तेवढंच सांगतो.

आधी हप्त्याचं बघू. बहुतेक जण महिन्याच्या भाड्याला १२ ने गुणतात, घराच्या किमतीने भागतात आणि तिथेच थांबतात. समजा, घराची किंमत महिन्याच्या भाड्याच्या २४० पट आहे. वर्षाची १२ भाडी म्हणजे ५ टक्के. आता यातून एक भाडं घर रिकामं राहील म्हणून बाजूला काढा, एक दुरुस्तीसाठी काढा आणि दीड भाडं मेंटेनन्स, मालमत्ता कर आणि विमा यांच्यासाठी. उरली साडेआठ. भागिले २४०, म्हणजे साधारण साडेतीन टक्के. भाड्याच्या उत्पन्नावरचा कर अजून धरलेलाच नाही. कर्जाचं व्याज या आकड्याच्या वर असेल, तर कर्ज जितकं मोठं तितका त्या घराचा भार तुमच्या पगारावर पडणार. किंमत वाढेल म्हणून लोक तरीही घेतात. वाढेलही, पण वाढलेल्या किमतीतून येत्या महिन्याचा हप्ता भरता येत नाही. म्हणून निदान सहा हप्त्यांएवढी रक्कम हाताशी ठेवूनच सही करा. आणि भाडेकरूने दिलेलं डिपॉझिट त्यात मोजू नका. ते पैसे त्याचे आहेत, वेगळ्या खात्यात पडू द्या. ते खर्च करून बसलेला मालक शेवटच्या दिवशी भिंतीवरचे ओरखडे शोधत फिरतो. मी असे मालक पाहिले आहेत आणि तेव्हा मी स्वतः भाडेकरू होतो.

रिकाम्या घराचा हिशोब तर नीट समजून घ्याच. एक महिना घर रिकामं राहिलं की वर्षाच्या भाड्यातले ८.३ टक्के गेले. माझ्या पहिल्या घरात एक कुटुंब होतं, भाडं कधी एक दिवस उशिरा आलं नाही. तिसऱ्या वर्षी मी १० टक्के वाढ मागितली, कारण शेजारच्या घराला तेवढं भाडं येत होतं. ते निघून गेले. घर दोन महिने रिकामं पडलं. मला हवं ते भाडं शेवटी मिळालं, पण त्या वाढीतून दोन महिन्यांची भरपाई व्हायला २० महिने लागले. रंगाचे आणि एजंटचे पैसे वेगळेच. तेव्हापासून चांगला भाडेकरू असेल तर मी बाजारभावापेक्षा थोडं कमीच भाडं घेतो आणि जी काही वाढ करायची ती करारातच आधी लिहून ठेवतो.

भाडेकरू निवडताना निकष आधी कागदावर लिहा आणि प्रत्येकाला तेच लावा. भाडं त्याच्या उत्पन्नाच्या एक तृतीयांशाच्या आत बसतंय का? नोकरी किंवा धंद्याचा पुरावा आहे का? आधीचं घर का सोडतोय? कोण कुठल्या समाजाचं, लग्न झालंय की नाही, मुलं आहेत की नाहीत यावरून भाडं वेळेवर येईल का ते कळत नाही, आणि अशा कारणावरून माणसाला दारातून परत पाठवणं मला चुकीचंच वाटतं. कित्येक ठिकाणी ते बेकायदाही आहे. चौकशी करायची तर सध्याच्या मालकापेक्षा त्याच्या आधीच्या मालकाला फोन करा. सध्याच्याला कदाचित तो माणूस लवकर जायला हवा असेल, मग तो गोडच बोलणार. आधीच्याला एकच विचारा, ‘यांना पुन्हा घर द्याल का?’ उत्तराआधी तो किती वेळ थांबतो त्यावरून बरंच कळतं.

ओळखीतला असो, नात्यातला असो, करार लेखीच हवा. तुमच्या भागातला भाडे कायदा जाणणाऱ्या वकिलाकडून एकदा तपासून घ्या. नोटीस किती दिवसांची, डिपॉझिट कधी परत करायचं हे नियम जागोजागी वेगळे असतात.

किल्ली देण्याच्या दिवशी तासभर काढा. भाडेकरूला बरोबर घेऊन प्रत्येक खोलीत जा आणि मोबाइलवर सलग व्हिडिओ काढा: दारं, खिडक्यांच्या कड्या, ओटा, सिंकच्या खालचा भाग, बाथरूमच्या फरशांचे सांधे, गीझर, पंखे. विजेच्या आणि पाण्याच्या मीटरचं रीडिंग, किल्ल्यांची संख्या, आधीपासून असलेला प्रत्येक डाग यादीत लिहा. दोघांनी सह्या करा, एक प्रत त्याला द्या. घर सोडताना तीच यादी हातात घेऊन त्याच क्रमाने फिरायचं. तीन वर्षांत रंग फिका पडला, नळाची चकाकी गेली, तर ती झीज आहे, तिचे पैसे कापायचे नसतात. ओट्यावर जळका डाग पडला किंवा दार फुटलं, तर ते नुकसान. हा फरक करारातच लिहिला असेल तर शेवटचा दिवस शांततेत जातो.

आता पाणी. घराचं जितकं नुकसान पाण्याने होतं तितकं भाडेकरूंनी केलेलं मी अजून पाहिलेलं नाही. घर रिकामं असताना दोन गोष्टी करून बघा. सगळे नळ बंद करा, पाण्याच्या मीटरचा आकडा लिहून घ्या, तासाभराने परत बघा. आकडा पुढे सरकला असेल तर कुठेतरी गळती आहे. दुसरी, फ्लशच्या टाकीत खायच्या रंगाचे चार थेंब टाका आणि वीस मिनिटं फ्लश ओढू नका. भांड्यात रंग उतरला तर आतलं वॉशर गेलंय. भाग स्वस्त असतो, पण न बदलल्यास पाणी रात्रंदिवस वाया जातं.

माझ्या दुसऱ्या घरात एक ताई राहायच्या. सुरुवातीला त्यांनी कळवलं की बाथरूमचा नळ टपकतोय. मी प्लंबर पाठवायला तीन आठवडे लावले. पुढच्या वर्षी बाथरूमला लागून असलेल्या भिंतीवर हाताएवढा ओलसर डाग आला, तेव्हा त्यांनी सांगितलंच नाही. मला कळलं ते सहा महिन्यांनी. कपाट पुढे ओढलं तर मागचं प्लाय फुगून पदर सुटलेले, खाली काळी बुरशी, त्यांच्या कपड्यांना तो कुबट वास. भिंतीतला पाइप गळत होता. बाथरूमच्या फरश्या फोडाव्या लागल्या. मी विचारलं, ‘आधी का नाही सांगितलंत?’ त्या म्हणाल्या, ‘तुम्हाला त्रास द्यायला बरं वाटेना.’ ते वाक्य माझ्या मनातून गेलेलं नाही. मी त्यांना तसं वाटायला लावलं होतं. घरात रोज राहणारा माणूसच पहिली ओल बघतो, आणि त्याने फोन करावा की नाही हे तुम्ही आधीच्या फोनला काय केलंत त्यावर ठरतं. तेव्हापासून निरोप आला की त्याच दिवशी उत्तर देतो, प्लंबर दुसऱ्या दिवशी आला तरी चालेल. एक प्लंबर आणि एक इलेक्ट्रिशियन घर भाड्याने देण्याआधीच ठरवून ठेवा आणि त्यांचे पैसे कधी लटकवू नका.

दोन गोष्टींत काटकसर नको. विजेच्या बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज कुठे गळू लागली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच) बसवा आणि त्याचं टेस्ट बटण दाबून तो पडतोय का ते बघत जा. शॉक लागताना माणसाचा जीव तो वाचवतो, एमसीबी (जास्त भार किंवा शॉर्टसर्किट झालं की पडणारा स्विच) त्यासाठी नसतो. आणि बंद बाथरूममध्ये गॅस गीझर ठेवू नका. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो, आतल्या माणसाला काही कळायच्या आत शुद्ध हरपते. आधीपासून तसा असेल तर घर देण्याआधी काढा.

घर तुमचं असलं तरी आता तिथे त्याचा संसार आहे. न कळवता जाऊ नका, आदल्या दिवशी विचारा. भाडं उशिरा आलं तर तिसऱ्या दिवशी सरळ फोन करा, ‘काही अडचण आहे का?’ नोकरी गेली असेल तर दोन हप्त्यांत द्यायचं ठरवा आणि ते लिहून घ्या. दोन महिने गप्प राहून मग एकदम चिडणारे मालक बहुतेक वेळा पैसेही घालवतात आणि भाडेकरूही.

तुम्ही ज्या घराचा विचार करताय त्याचा तो साडेआठ भाड्यांचा हिशोब आजच मांडा. आकडा पटला तर घर भर पावसात एकदा बघून या, आणि कपाटांच्या मागे टॉर्च मारा.