नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षात चाइल्ड हेल्थ जमत नाहीये, काय करू?

तू लिहिलं आहेस की मेडिकल-सर्जिकल चांगल्या मार्कांनी सुटलं, पण चाइल्ड हेल्थच्या इंटर्नलमध्ये कमी पडलीस. डोसची गणितं चुकतात आणि पोस्टिंगला बाळ रडायला लागलं की काही सुचत नाही. मी पुण्यातच लहान मुलांच्या वॉर्डात स्टाफ नर्स आहे. वयानं लहान आहेस म्हणून ‘तू’ म्हणते.

पहिलं म्हणजे आजारांची पाठांतरं थोडे दिवस बाजूला ठेव. मोठ्या माणसाचं नॉर्मल काय ते एकदा पाठ केलं की झालं. मुलांचं नॉर्मल वयाप्रमाणे बदलतं, आणि तेच पक्कं नसेल तर न्यूमोनियाचं प्रकरण कितीही वाच, बाळासमोर उभं राहिल्यावर उपयोग होत नाही. श्वास मिनिटाला 48 आहे, असं समज. बाळ चार महिन्यांचं असेल तर हा वेग चालतो, कारण दोन महिने ते वर्षाच्या आतल्या बाळाला 50 किंवा जास्त म्हणजे जलद श्वास. तेच मूल तीन वर्षांचं असेल तर 48 जास्तच झाले, तिथे मर्यादा 40 ची. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला 60. हे तीन आकडे इतके पक्के कर की झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आले पाहिजेत. सोबत वाढीचे टप्पे: जन्माचं वजन साधारण पाच महिन्यांत दुप्पट, वर्षाला तिप्पट; मान तिसऱ्या महिन्यात धरते, आठव्याच्या सुमारास आधाराशिवाय बसतं, वर्षाच्या आसपास चालतं.

हे टप्पे पुस्तकातून माझ्याही डोक्यात राहत नसत. रविवारी संध्याकाळी मैत्रिणीला घेऊन सारसबागेत जाऊन बस. एखादं मूल पायरी चढताना दोन्ही पाय एकाच पायरीवर टेकवतं की मोठ्यांसारखं एकाआड एक टाकतं ते बघ. पहिलं दोनच्या आसपासचं असतं, दुसरं तीनच्या. आधी तुम्ही दोघी वय ओळखा, मग त्याच्या आईला विचारा. आया कौतुकानं सांगतात. फोटो मात्र कुणाच्या मुलाचे काढू नका.

आता गणितं. आधी वजन, मग मिलिग्रॅम, मग मिली. हा क्रम कधीच मोडायचा नाही. 8 किलोचं बाळ, पॅरासिटामॉल किलोला 15 मिलिग्रॅम, म्हणजे 120 मिलिग्रॅम. बाटलीवर 5 मिलीत 250 असेल तर 2.4 मिली होतात. पण हातात ड्रॉप्स असतील आणि त्यात 1 मिलीत 100 असेल, तर फक्त 1.2 मिली. औषध तेच, पण लेबल न वाचता 2.4 मिली ड्रॉप्स दिले तर डोस दुप्पट जातो. म्हणून लेबल मोठ्यानं वाचायची सवय आत्तापासून लाव आणि काढलेलं औषध सिस्टरना दाखवल्याशिवाय देऊ नकोस. सलाइनचं तर आणखी सोपं आहे: पहिल्या 10 किलोंना किलोमागे 100 मिली, पुढच्या 10 ना 50, त्यापुढे 20, हे 24 तासांचं. 14 किलोच्या मुलाला 1200 मिली, म्हणजे तासाला 50. मायक्रोड्रिप सेटमध्ये, म्हणजे बारीक थेंब पाडणाऱ्या सलाइनच्या नळीत, 1 मिलीचे 60 थेंब, त्यामुळे तासाला जितके मिली तितकेच मिनिटाला थेंब. भागाकार करत बसायची गरजच नाही. रोज कागदावर पाच उदाहरणं सोडव, वजन बदलत जा.

रडण्याचं म्हणशील तर बाळाला आईच्या मांडीवरून उचलूच नकोस. सहा-आठ महिन्यांनंतर बाळ अनोळखी माणसाला बघून रडतं, ते त्याच्या वयाला धरूनच आहे, तुझं काही चुकलेलं नसतं. लांबूनच, बाळ शांत असताना, आईला झबलं वर करायला सांगून पूर्ण एक मिनिट श्वास मोज. छातीचा खालचा भाग श्वास घेताना आत ओढला जातोय का तेही तेव्हाच दिसतं. मग ठोके. ताप, घसा, कान सगळ्यात शेवटी. रडणाऱ्या बाळाचा मोजलेला श्वास चार्टवर लिहिण्यात काही अर्थ नाही.

आणि आईचं ऐक. ‘पोट उडतंय’, ‘टाळू आत गेलीय’, ‘सकाळपासून शू केली नाही’, ही तुमच्या पुस्तकातलीच लक्षणं आहेत. ‘दात येताना जुलाब होतातच’ असं कुणी म्हटलं तर वाद घालू नकोस. ओआरएसचं पाकीट हातात घेऊन अख्खं पाकीट एक लिटर पाण्यात कसं मिसळायचं ते करून दाखव, अंगावरचं दूध चालू ठेवायला सांग, झिंक 14 दिवस द्यायचं म्हणजे जुलाब थांबले तरी द्यायचं, हे तिच्याकडून परत वदवून घे. प्रॅक्टिकलला परीक्षक आरोग्य शिक्षण विचारतात तेव्हा हेच सांगायचं असतं.

येत्या आठवड्यात मॅडमना भेट आणि इंटर्नलचे पेपर बघायला माग. मार्क गणितात गेले असतील तर रोजच्या सरावानं ते लवकर भरून निघतील. वाढ आणि विकासात गेले असतील तर आधी तोच धडा घे, बाकीचे त्यानंतर.