चालू घडामोडींवरून किंवा सिनेमा-मालिकांवरून बाळाचं नाव ठेवलं तर पुढे पस्तावायला होतं का?

तुम्ही लिहिलंय की सासऱ्यांना नातीचं नाव 'सिंदूर' हवंय, नणंदेला मालिकेतल्या नायिकेचं, आणि तुम्हाला मात्र 'कशाशीच संबंध नसलेलं' नाव हवंय. त्या शेवटच्या वाक्यामुळे लिहायला बसलो. असं नाव नसतं हो.

माझं नाव संघर्ष. जन्म फेब्रुवारी 1994. आदल्याच महिन्यात, 14 जानेवारीला, मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागलं होतं. विधिमंडळात ठराव झाला होता जुलै 1978 मध्ये. मधल्या काळात नामांतराच्या विरोधात दलित वस्त्यांतलं काय काय जळालं ते मराठवाड्यातल्या माणसाला सांगायला नको. वडील 1979 च्या नामांतरासाठीच्या लाँग मार्चमध्ये चालले होते. त्यांना दुसरं नाव सुचणं शक्यच नव्हतं. म्हणजे तुमच्या हिशोबाने मी चालू घडामोडीवरून नाव ठेवलेलं पोर.

त्रास झाला का? झाला. पुण्यात एका कंपनीत मुलाखतीला गेलो तर समोरचा साहेब म्हणाला, "नावातच संघर्ष! पगारासाठी पण करणार का?" शेजारचाही हसला. मग नजर आडनावावर गेली आणि एकदम कामाचे प्रश्न सुरू झाले. नोकरी मिळाली नाही. नावामुळे, आडनावामुळे की माझ्या कच्च्या कोडिंगमुळे, ते तुम्ही ठरवा.

आता माझा मोठा भाऊ. नाव राहुल, आजोबांनी ठेवलेलं, बुद्धाच्या मुलाचं. पण शाळेपासून आजपर्यंत एकानेही त्याला बुद्धावरून का असं विचारलेलं नाही. आधी शाहरुखच्या सिनेमातला राहुल, मग द्रविड. दादा दोन्हींना "हो" म्हणत आला. माझं नाव ऐकून लोक थबकतात, त्याचं ऐकून पुढे जातात. एकाच घरातली, एकाच विचाराने ठेवलेली दोन नावं.

आणि हेच दादा माझ्या मुलीच्या वेळी मला शिकवायला लागले. "नावातून काही कळता कामा नये. तू भोगलंस तेवढं पुरे." त्याच्या मुलाचं नाव आरव. मी विचारलं, हे कुठून आलं? म्हणे नेटवर दिसलं, छान वाटलं. म्हटलं, अक्षय कुमारने 2002 मध्ये मुलाचं नाव आरव ठेवलं, त्याआधी आपल्या गल्लीत एक तरी आरव होता का? तर म्हणतो, "असू दे की. त्यावरून कुणाला काही कळत नाही ना?" बास. म्हणजे पॉप कल्चरवरून नाव ठेवायला त्याची ना नाही. आपल्या घडामोडीवरून नको, त्यांच्या घडामोडीवरून चालेल.

ज्यांना नावं ठेवायची सवय पिढ्यान्‌पिढ्या आहे त्यांना हे कळणार नाही. माझ्या आजोबांचं नाव कचरू. कुणी सांगतं की दृष्ट लागू नये म्हणून अशी नावं सगळ्याच जातींत ठेवायचे. धोंडू, दगडू, केरू. ठेवायचे, मान्य. पण शूद्राचं नाव घृणा वाटेल असं असावं, हे मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात लिहिलेलंच आहे, ते काही दृष्टीसाठी नव्हतं. आजोबा ऑक्टोबर 1956 मध्ये नागपूरला दीक्षेला गेले, आणि त्यानंतर घरात जन्मली ती मुलं मिलिंद, सिद्धार्थ, सुजाता. मिलिंद म्हणजे माझे वडील. औरंगाबादच्या नागसेनवनातल्या कॉलेजचं नाव तेच, आणि आजोबांना पोरगा तिथेच शिकायला हवा होता. शिकला. त्या दशकांत महाराष्ट्रात एकाएकी एवढे गौतम, मिलिंद, प्रज्ञा, संघमित्रा कुठून आले याचा विचार तुम्ही कधी केलाय? एका घडामोडीवरून.

त्यामुळे तुमच्या सासऱ्यांना मी 'घडामोडीवरून नको' असं सांगणार नाही. मी विचारीन, घटना तुमची होती का? मे 2025 मध्ये 'ऑपरेशन सिंदूर' या लष्करी कारवाईनंतर उत्तर प्रदेशात कुशीनगरच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात दोन दिवसांत 17 मुलींची नावं सिंदूर ठेवल्याची बातमी आली होती. घरातलं कुणी सैन्यात असेल, सीमेवर असेल, तर खुशाल ठेवा, वर मी पेढे मागायला येईन. टीव्हीसमोर बसून युद्ध बघितलं म्हणून ठेवायचं असेल तर नको. 2020 मध्ये देवरियात एकाचं नाव लॉकडाउन ठेवलं, रायपूरला जुळ्यांची नावं कोविड आणि कोरोना. आईबापांना त्या आठवड्यात गंमत वाटली असेल, पण हजेरी त्या पोरांना द्यायचीय.

सिनेमा-संगीत-क्रिकेटचंही तेच. रमेश तेंडुलकरांनी मुलाचं नाव सचिन देव बर्मन यांच्यावरून ठेवलं, कारण त्यांचं संगीत त्यांना मनापासून आवडायचं. गावसकरांनी मुलाला रोहन जयविश्व केलं, कन्हाय, जयसिंहा आणि विश्वनाथ असे तिघंही एका नावात कोंबून. या नावांमागे वर्षानुवर्षांचं प्रेम आहे. नणंदेच्या नायिकेचं प्रेम टीआरपी पडेपर्यंत टिकलं तरी पुष्कळ. (अर्थात मालिकेच्या नावाने कुणाचं वाटोळं झालेलं मी पाहिलेलं नाही. चार वर्षांनी मालिका विसरतात, नाव उरतं. मला ती मालिका आवडत नाही, हाही भाग आहे.)

आमच्या मुलीचं नाव शेवटी बायकोने सुचवलं, मुक्ता. मुक्ता साळवे, जोतिबा-सावित्रीबाईंच्या शाळेतली मुलगी, जिचा मांग-महारांच्या दुःखाबद्दलचा निबंध 1855 मध्ये 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. दादा म्हणाला, "वा, मस्त, मुक्ता बर्वे!" मी त्याला दुरुस्त केलं. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ते तू घरात सांग, बाहेर बर्वेच चालू दे." या वादाचा निकाल अजून लागलेला नाही. मी बाहेर साळवेच सांगतो.

तुमच्या मुद्द्याचं म्हणाल तर घाई नका करू. जन्मनोंदणी 21 दिवसांत करून टाका, नावाचा रकाना रिकामा ठेवता येतो. वर्षभरात फी न भरता नाव घालता येतं, त्यानंतर विलंब शुल्क भरून 15 वर्षांपर्यंत. एकदा नाव पडलं की मात्र बदलायला राजपत्राचे हेलपाटे. आणि 1 मे 2024 नंतर जन्मलेल्यांच्या नावात महाराष्ट्रात बाळाच्या नावापुढे आईचं नाव, मग बापाचं, मग आडनाव असा क्रम सरकारी कागदांवर आहे. तेव्हा सिंदूर असो की नायिका, तिच्या शेजारी आयुष्यभर तुमचं नाव येणार. जोडून मोठ्याने म्हणून बघा.

पत्रिका बघणारे असाल तर आद्याक्षराचंही बघावं लागेल. आमच्याकडे ती कटकट नाही, त्रिशरण-पंचशील झालं की नामकरण. नणंदेला कानात कुर्र करायचा मान द्या, नाव ठरवायचा देऊ नका. आमच्या सुजाता आत्याला दोन्ही हवे होते. तिने 'ऐश्वर्या' धरून ठेवलं होतं, आणि अजूनही मुक्ताला ती फोनवर ऐशूच म्हणते.