डॉक्टर नसताना आरोग्यक्षेत्रात?

प्रश्न : माझी मुलगी संख्याशास्त्रात बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिला सार्वजनिक आरोग्यातलं संशोधन आणि आरोग्य योजनांचं मूल्यमापन यात करिअर करायचं आहे. पण डॉक्टर नसताना तिला तिथे कोण विचारणार? एमपीएच (सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी) करावं की एमएस्सी? आणि घरोघरी फॉर्म भरत फिरावं लागतं का?
– एक पालक

उत्तर : शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते. हो, फिरावं लागतं, निदान सुरुवातीला. ‘गेल्या दोन आठवड्यांत मुलाला जुलाब झाले का?’ या प्रश्नातून आईला नेमकं काय कळतं, किंवा सासू शेजारी बसलेली असताना कोणत्या प्रश्नाला खरं उत्तर मिळत नाही, हे संगणकासमोर बसून उमगत नाही. फिल्डवर न गेलेला माणूस पुढे चुकीच्या आकड्यांवर सुबक आलेख काढत बसतो.

आता डॉक्टरकीबद्दल. मूल्यमापन करणाऱ्याचा मूळ प्रश्न असतो : ही योजना आलीच नसती तर काय झालं असतं? योजना आली आणि कुपोषण घटलं, एवढ्यावर श्रेय देता येत नाही. त्याच काळात लोकांचं उत्पन्न वाढलेलं असू शकतं, पाऊस चांगला झालेला असू शकतो. म्हणून तुलनागट लागतो, म्हणजे योजना न मिळालेली पण बाकी तशीच असलेली माणसं. मेक्सिकोत 1997 मध्ये सुरू झालेल्या, गरीब कुटुंबांना रोख मदत देणाऱ्या ‘प्रोग्रेसा’ योजनेच्या मूल्यमापनासाठी 506 गावं घेतली होती. त्यातल्या 320 गावांना लाभ आधी मिळाला, 186 गावांना नंतर, आणि कोण आधी हे यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे चिठ्ठ्या टाकाव्यात तसं, ठरवलं होतं. यातलं बरंचसं काम अर्थतज्ज्ञांनी केलं. तेव्हा तुमच्या मुलीचं संख्याशास्त्र इथे उपरं नाही.

मला काळजी पदवीपेक्षा स्वभावाची वाटते. बांगलादेश आणि केनियातल्या ‘वॉश बेनिफिट्स’ चाचण्यांचे निष्कर्ष 2018 मध्ये आले. पाणी, शौचालय, हात धुणं यावर एवढी मेहनत घेऊनही केवळ या उपायांनी मुलांची उंची तुलनागटातल्या मुलांपेक्षा जास्त वाढली नाही. असा निकाल, योजनेत जीव ओतलेल्या माणसांसमोर आणि पैसे देणाऱ्यांसमोर, शब्द न फिरवता मांडणं तिला जमेल का? हे तिलाच विचारा. एखाद्या मूल्यमापन अहवालातलं कार्यपद्धतीचं प्रकरणही तिला वाचायला द्या. त्यात ती रमली नाही, तर या वाटेला न जाणंच बरं.

एमपीएच की एमएस्सी? तिचा पाया पाहता मी एमपीएच म्हणेन, पण त्यात साथरोगशास्त्र (आजार कुणात, किती आणि का पसरतात याचा अभ्यास) आणि जीवसांख्यिकी (आरोग्याच्या आकड्यांचं संख्याशास्त्र) भक्कम असेल तरच. काही एमपीएच अभ्यासक्रम व्यवस्थापनाकडेच झुकलेले असतात, त्यामुळे नावावर न जाता विषयांची यादी बघा. त्याआधी वर्षभर एखाद्या सर्वेक्षणात काम केलं तर उत्तम. ‘आर’ हे आकडेवारीच्या विश्लेषणाचं सॉफ्टवेअर मोफत आहे, ते आत्ताच शिकायला घ्यावं. आणि मुलाखती, गटचर्चा यांना कमी लेखू नये (संख्यावाल्यांची ही जुनी खोड!). गोळ्या अर्धवट सोडणारे किती, हे आकडा सांगतो. का सोडतात, ते माणसंच सांगतात.

नोकरीचं स्पष्ट सांगते. बरीच पदं प्रकल्पापुरती, कराराची असतात. 2025 मध्ये अमेरिकेने ‘यूएसएड’ ही परदेशांना मदत देणारी आपली सरकारी संस्था गुंडाळली तेव्हा अनेक देशांतले आरोग्य प्रकल्प थांबले आणि अनुभवी माणसंही घरी बसली. म्हणून तिने एकाच आजारात किंवा एकाच देणगीदाराच्या कामात अडकू नये. नमुना निवड (सर्वेक्षणासाठी कोणाला निवडायचं ते ठरवणं) आणि विदा (डेटा) विश्लेषण पक्कं असेल, तर शिक्षण किंवा पोषणाच्या योजनांतही तेच कौशल्य चालतं.