आधी ऐक

प्रिय मित्रा,

तुझा लेख वाचला. अमेरिकी गायक-गीतकार बॉब डिलनच्या ‘अ हार्ड रेन्स अ-गॉना फॉल’ या गाण्यातल्या प्रत्येक प्रतिमेला तू एकेक अर्थ लावलास आणि शेवटी विचारतोस, एवढं करूनही गाणं हाती का लागत नाही, माझा अभ्यास कमी पडतोय का? अभ्यास भरपूर आहे. गाणं ऐकल्याची खूण मात्र कुठे दिसली नाही. आधी ऐक.

गाण्याचा उगम तू क्यूबाच्या क्षेपणास्त्रांच्या पेचात धरलास. तो पेच जगाला सांगणारं अमेरिकी अध्यक्ष केनेडींचं भाषण २२ ऑक्टोबर १९६२चं. डिलननं हे गाणं त्याआधी महिनाभर, २२ सप्टेंबरला, न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये गायलं होतं. पण तारखा जुळल्या असत्या, तरी मी हेच म्हटलं असतं. आधी ऐक.

काय ऐकायचं ते सांगतो. कुठे होतास, असं मुलाला विचारायचं, ही ‘लॉर्ड रँडल’ या जुन्या बॅलडची, म्हणजे कथागीताची, घडण. प्रश्नानंतर उत्तराच्या ओळी एकाच चालीवर येत राहतात आणि किती येतील याचा नेम नाही. पहिल्या कडव्यात पाच, शेवटच्यात बारा! आपण ध्रुवपदाची वाट बघतो, ते लांबत जातं, ऐकणाऱ्याला धाप लागते. विषाच्या गोळ्यांच्या ओळीवर तू अख्खा परिच्छेद खर्च केलास. ती ओळ या बारांतलीच आहे. तिच्यातली भीती या लांबत जाण्यानं अंगावर येते. कागदावर ती तुला कशी भेटणार?

डिलनच्या गाण्यांनी झपाटलेल्या ए. जे. वेबरमन यांनी त्याच्या शब्दांची सूची केली आणि पुढे न्यूयॉर्कमधल्या त्याच्या घराबाहेरचा कचराही उपसला. गाणं म्हणजे सांकेतिक लिपी, असं एकदा धरलं की माणूस तिथवर जातो. तू हुशार आहेस, म्हणून तुझी जास्त काळजी वाटते.

आमच्या बैठकीत मी कधीच गाण्याचा अर्थ सांगितला नाही. हा विचारांना घाबरतो, असं लोक तोंडावर म्हणाले. म्हणोत. ज्यांना मी नुसतं ऐकवलं, त्यांतले कितीतरी आज गातात. अर्थ सांगत बसलो असतो तर गायले असते का? मला नाही वाटत. खंत आहे ती वेगळीच. गिटार माझ्या हातात चाळिशीनंतर आली, बोटं वळायची थांबल्यावर. तुला विशीतच वाजवता येतं आणि तू तळटीपा लिहीत बसतोस, याचा मला खरंच राग येतो.

डिलनच्या नोबेल व्याख्यानातली वाक्यं तूच लेखात घेतली आहेस. त्यात तो स्वच्छ सांगतो की गाणं भिडलं की पुरे, त्याचा अर्थ आपल्याला ठाऊक असायलाच हवा असं नाही. हे वाचून तू पुढे कसा गेलास?

लेख आत्ता कुठे पाठवू नकोस. गाणं पाठ कर. शेवटच्या कडव्यातल्या बाराही ओळी कागद न बघता म्हणता आल्या की गिटार घेऊन ये आणि माझ्यासमोर गा. अर्थाबद्दल बोलायचं असेल, तर त्यानंतर बोलू.