नव्या भंगार गोदामाकडे माल कसा वळवावा

कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीलगत भंगाराचे गोदाम उघडले, मोठा फलकही लावला, तरी माल घेऊन फारसे कोणी फिरकत नाही, असे आपण लिहिले आहे. या धंद्यात माल आणणारा हाच खरा ग्राहक असतो आणि तो काटा व रोख पैसे पाहून येतो, त्यामुळे फलकावर आणखी खर्च करू नये.

काट्याचा आकडा समोरच्याला उभ्या जागेवरून दिसला पाहिजे, वैधमापन विभागाचे पडताळणी प्रमाणपत्र शेजारी लावलेले असावे आणि प्रत्येक तोलापूर्वी काटा शून्यावर आल्याचे दाखवावे. हातगाडीवाला किलोमागे रुपया कमी मिळाला तर एखादे वेळी सोसतो; पोत्यामागे दोन किलो मारल्याचा संशय आला तर मात्र तो पुन्हा येत नाही आणि आसपासच्या सगळ्या गाडीवाल्यांना सांगतो. बीड (ओतीव लोखंड), पत्रा, जर्मन (ॲल्युमिनियम), पितळ, तांबे यांचे दर तारखेसह फळ्यावर रोज लिहावेत.

तथापि कोल्हापुरात कायम मिळत राहणारा माल मशीन शॉपमधूनच, म्हणजे धातूचे सुटे भाग कापून-घासून तयार करणाऱ्या कारखान्यांतूनच मिळतो. लेथवर निघणारा बीडाचा चुरा आणि पोलादी टर्निंग (कापताना निघणारी कात्रणे) एकाच ढिगात पडले की फौंड्री (धातू वितळवून ओतणारा कारखाना) तो माल कमी दराने घेते, म्हणून कारखानदाराला दोन वेगळे ड्रम आपणच ठेवायला द्यावेत आणि ठरलेल्या वारी न चुकता उचलावेत. ओल्या चुऱ्यात कूलंट (धातू कापताना थंड ठेवणारे द्रव) असते. त्यापोटी वजनात किती घट धरणार, हे पहिल्या उचलीपूर्वीच लेखी ठरवावे, कारण तोंडी घटीवरून संबंध तुटतात (दरावरून सहसा तुटत नाहीत).

कारखानदार बिलाशिवाय माल देणार नाही, तेव्हा जीएसटी नोंदणी आधी करावी. १० ऑक्टोबर २०२४ पासून नोंदणी नसलेल्याकडून धातूचे भंगार घेतल्यास कर खरेदीदाराने भरायचा असतो, म्हणून फेरीवाल्याला दर सांगताना तो हिशेब डोक्यात असू द्यावा. एका व्यक्तीला एका दिवसात १०,००० रुपयांहून अधिक रोख दिल्यास आयकरात तो खर्च सामान्यतः धरला जात नाही. मोठी रक्कम बँकेतूनच द्यावी.

जाळलेली तांब्याची तार, मोटारीची वाइंडिंग किंवा गटाराची झाकणे अनोळखी माणसाने आणली, तर ओळखपत्राची प्रत आणि वाहन क्रमांक नोंदवहीत घेतल्याशिवाय तोल करू नये, कारण असा माल चोरीचा असू शकतो; ही माहिती देण्यास नकार मिळाल्यास माल परत पाठवावा.