मफीबोशेथ : नावातली लाज कोणाची?

प्रश्न : बायबलमधल्या शौल राजाचा मुलगा योनाथान, त्याच्या पांगळ्या मुलाचं नाव मफीबोशेथ. नावांच्या एका यादीत त्याचा अर्थ ‘लाजेच्या तोंडून’ असा दिला आहे. राजघराण्यात असं नाव कोण ठेवेल? पाय अधू झाले म्हणून ते पडलं का?
— एक वाचक, अहिल्यानगर

उत्तर : पायांशी या नावाचा काहीही संबंध नाही. शौल आणि योनाथान लढाईत पडल्याची बातमी आली तेव्हा मुलगा पाच वर्षांचा होता. दाई त्याला उचलून पळाली, घाईत तो पडला आणि दोन्ही पायांनी लंगडा झाला (बायबलमधला ग्रंथ २ शमुवेल, ४:४). आणि घरच्यांनी ठेवलेलं नाव बहुधा हे नव्हतंच. बायबलच्याच १ इतिहास या ग्रंथात ८:३४ उघडा. तिथे योनाथानाच्या मुलाचं नाव मरीब्बाल आहे.

हा ‘बाल’ म्हणजे आपलं बाळ नव्हे. हिब्रूत तो बेथ, अयिन, लामेद या तीन अक्षरांनी लिहितात. मराठीत ‘धनी’ म्हणजे मालकही आणि नवराही. बाल हा शब्द नेमका तसाच आहे. कनानी लोकांच्या देवाचं ते नाव झालं, पण सुरुवातीला इस्राएली माणसं आपल्या देवालाही ‘धनी’ म्हणत असावीत. शौलानंतर राजा झालेल्या दावीदाकडे आलेल्या एका योद्ध्याचं नाव बाल्या, म्हणजे ‘याह हाच धनी’ (१ इतिहास १२:५). याह हे याहवे, म्हणजे इस्राएलच्या देवाच्या नावाचं छोटं रूप. शौलाच्या घरातही योनाथान (‘याहवेने दिला’) आणि एश्बाल ही नावं सख्ख्या भावांची आहेत.

पुढे बालाच्या पूजेविरुद्ध संदेष्टे उभे राहिले आणि तो शब्द तोंडी घेणंही नकोसं झालं. मग त्याच्या जागी ‘बोशेथ’, म्हणजे लाज, हा शब्द आला. यिर्मया ११:१३ मध्ये एकाच वेदीला आधी ‘लाजेची’ आणि लगेच ‘बालाची’ म्हटलं आहे. शमुवेलाच्या ग्रंथात हीच अदलाबदल नावांत झाली : एश्बालचा ईश-बोशेथ आणि गिदोन या जुन्या पुढाऱ्याच्या यरुब्बाल या दुसऱ्या नावाचा यरुब्बेशेथ (२ शमुवेल ११:२१). इतिहासाच्या ग्रंथात मात्र जुनी रूपं राहिली. म्हणजे यातली लाज त्या मुलाची नाही, बालाची आहे. जन्मभर परक्याच्या आधाराने जगलेल्या या माणसावर नावाचाही डाग लावणं मला अन्यायाचं वाटतं.

‘मफी’चा उलगडा अवघड आहे. ‘मिप्पी’ म्हणजे ‘तोंडातून’; तुमच्या यादीतला अर्थ त्यावरून आला. दुसरा अर्थ ‘लाज उधळून लावणारा’ असा करतात. काही ग्रीक हस्तलिखितांत ‘मेम्फिबाल’ असं मधलं रूप सापडतं. मरीब्बालचाही अर्थ एक नाही. ‘बाल झुंजतो’ हा सर्वांत सरळ. पण १ इतिहास ९:४० मध्ये एकाच वचनात हे नाव दोन प्रकारे लिहिलं आहे, एकदा मरीब-बाल आणि एकदा मरी-बाल, त्यामुळे पहिल्या भागाची फोड बदलते. बोशेथ हा लाजवाचक नसून अक्कादी या प्राचीन मेसोपोटेमियाच्या भाषेतल्या ‘बाश्तु’ (तेज, प्रतिष्ठा) या शब्दाचा भाऊबंद आहे, असंही एक मत आहे. मला ते पटत नाही, कारण यिर्मयाची ती वेदी समोर आहे.

प्रश्न : ही बालाची नावं तेव्हा खरोखर वापरात होती याला बाहेरचा पुरावा आहे का? आणि अशी फोड आपली आपण कशी तपासायची?

उत्तर : आहे. इस्राएलमध्ये एला खोऱ्याजवळच्या खिर्बेत कैयाफा या उत्खननाच्या जागी २०१२ मध्ये एका फुटलेल्या रांजणाचे तुकडे सापडले. ते जोडल्यावर त्यावर कनानी लिपीत ‘एश्बाल बेन बेदा’ (बेदाचा मुलगा एश्बाल) ही अक्षरं दिसली, भट्टीत घालण्याआधी ओल्या मातीत कोरलेली. २०१५ मध्ये हा कोरीव लेख प्रसिद्ध झाला. रांजण सुमारे ३००० वर्षांपूर्वीचा, म्हणजे दावीदाच्या काळाच्या आसपासचा. हा एश्बाल शौलाचा मुलगा नव्हे, कारण बापाचं नाव वेगळं आहे. पण नाव तेच.

तपासताना आधी हिब्रू अक्षरं काढा. इथे मेम, पे, योद, बेथ, शीन, ताव. मराठी लिपीवरून फोड करायला गेलं की घात होतो : ‘थ’ आणि ‘त’ ही एकाच ताव या अक्षराची रूपं आहेत, आणि आजच्या हिब्रूत हेच नाव ‘मेफीवोशेत’ असं ऐकू येतं. मग तेच नाव समांतर वंशावळीत शोधा. शमुवेल वाचताना इतिहास शेजारी उघडा ठेवा. शेवटी माणूस एकच आहे ना हे पाहा. २ शमुवेल २१:७ मधला मफीबोशेथ योनाथानाचा मुलगा, त्याला दावीदाने वाचवलं. लगेच पुढच्या वचनातला मफीबोशेथ शौलाची उपपत्नी रिस्पा हिचा मुलगा, शौलापासून झालेला, आणि तो मारला गेला. काका-पुतण्या एकाच नावाचे. इथे भलेभले फसतात.

बाळासाठी याच घरातलं नाव हवं असेल, तर मफीबोशेथाच्या मुलाचं घ्या : मीखा, ‘याहसारखा कोण?’