ओव्हरवॉच गेममध्ये विडोमेकर या स्नायपरने हेडशॉट लागतात, पण एपेक्स लेजेंड्समध्ये क्रेबर या स्नायपर रायफलची गोळी हुकते. माउसची सेन्सिटिव्हिटी किती ठेवू?

सेन्सिटिव्हिटीला हात लावू नका. विडोमेकरने डोकी उडत असतील तर तुमचा एम (नेम) ठीक आहे, चुकतोय तो अंदाज. विडोमेकरची गोळी ट्रिगर दाबताच लागते (हिटस्कॅन), क्रेबरची मात्र प्रवास करते (प्रोजेक्टाइल) आणि वाटेत खालीही येते.

हिशेब सोपा आहे. समजा गोळीचा वेग सेकंदाला ५०० मीटर, शत्रू १०० मीटरवर आणि आडवा धावतोय सेकंदाला ७ मीटरने. गोळी पोहोचायला ०.२ सेकंद लागतात, तेवढ्यात तो १.४ मीटर पुढे सरकतो. म्हणजे क्रॉसहेअर (नेमाची खूण) त्याच्यापुढे साधारण तीन शरीरांच्या रुंदीइतका हवा. अंतर दुप्पट झालं की लीडही (किती पुढे नेम धरायचा ते) दुप्पट. ड्रॉप (गोळीचं खाली येणं) मात्र चौपट होतो, आणि लांबचे शॉट पायाखालून जातात ते यामुळेच. स्कोपमधल्या खालच्या खुणा त्यासाठी आहेत, शोभेसाठी नाहीत.

पण शत्रू डावं-उजवं नाचत असेल तर हे गणित कुचकामी, कारण त्या ०.२ सेकंदांत तो दिशा बदलून मोकळा होतो. अशा वेळी ट्रिगर दाबायचाच नाही. ज्याला दिशा बदलता येत नाही असा माणूस शोधा: झिपलाइनवर लटकलेला, कड्यावरून उडी मारलेला, पडलेल्या साथीदाराला उठवत बसलेला. दारातून कोणी बाहेर येणार असेल तर क्रॉसहेअर आधीच दाराशी लावून ठेवा. त्याच्या मागे मागे फिरवत बसलात की उशीर झालाच. क्रेबरसोबत गोळ्या मोजक्याच मिळतात, त्यामुळे 'बघू लागली तर' हा प्रकार परवडत नाही.

आता 'प्रोजेक्टाइल स्नायपर म्हणजे लॉटरी, खरं कसब हिटस्कॅनमध्येच' या टुमण्याबद्दल. मला हे अजिबात पटत नाही. उलट बाजूचे लोक हिटस्कॅनला फुकटची बंदूक म्हणतात, तेही तितकंच खोटं. साय-फाय शूटरमध्ये हिटस्कॅनची किंमत दुसरीकडे वसूल होते. क्वेक ३ ची रेलगन एका फटक्यात १०० डॅमेज देते, पण पुढच्या फटक्याला दीड सेकंद थांबवते आणि हवेतली रेघ थेट तुमच्याकडे बोट दाखवते. हेलो २ मधली बीम रायफल लागोपाठ दोन वेळा झाडली की तापून बंद पडते. विडोमेकरचा फार कमी चार्जवर मारलेला हेडशॉट समोरच्याला नुसता जागं करतो. ओव्हरवॉचच्याच अ‍ॅनाकडे तर एकाच रायफलमध्ये दोन्ही आहेत: स्कोप लावला की हिटस्कॅन, काढला की प्रोजेक्टाइल. आणि एपेक्सची चार्ज रायफल? आधी तिचा किरण होता, २०२३ मध्ये तिलाही प्रवास करणारी गोळी मिळाली. घरबसल्या लांबून किरण मारणाऱ्यांचं कसब तेव्हा सगळ्यांना दिसलं.

तरी सेन्सिटिव्हिटी बदलायचीच असेल तर प्रत्येक स्कोपची वेगळी ठेवता येते. फायरिंग रेंजमध्ये स्थिर लक्ष्यावर नजर ठेवून स्वतः आडवे चाला. क्रॉसहेअर सतत पुढे पळत असेल तर ०.१ ने कमी करा, मागे पडत असेल तर तेवढीच वाढवा. एका वेळी याहून जास्त नको. हे सगळं माउसपुरतं; कंट्रोलरवर एम असिस्ट (नेमाला गेमची मदत) मध्ये येतो आणि गणित बदलतं. पिंग (सर्व्हरपर्यंतचा विलंब) जास्त असेल तर आधी सर्व्हर बदला.